टँकर उलटल्यावर रुग्णालयाला कोण कळवणार?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल समुद्रात सांडले, कंटेनर वाहून गेले, त्यांतील काहींत कीटकनाशके होती. पुढाकार कोणाचा, हा वाद मात्र तेव्हा नव्हता. १९९६च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार समुद्रातील तेलगळतीचा समन्वय तटरक्षक दल करते.

इंदापूरला समुद्र नाही. पण पुणे-सोलापूर महामार्ग आहे आणि भिगवणच्या परिसरात तो उजनीच्या फुगवट्याजवळून जातो. इंधनाचा टँकर तिथे उलटला, तर तेल ओढ्यावाटे जलाशयात उतरू शकते. त्या पाण्यावर मच्छीमारांचे पोट चालते, सोलापूर शहराची तहान भागते.

जमिनीवर जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची. पोलीस, अग्निशमन, प्रदूषण नियंत्रण मंडळ, तेल कंपनी असे सगळे आपापल्या परीने धावतात. रुग्णालयाला मात्र अनेकदा कळते ते रुग्ण दारात आल्यावरच.

हा उशीर जिवावर बेतू शकतो. टँकरवरच्या धोकासूचक फलकावर चार आकडी क्रमांक असतो: पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, स्वयंपाकाचा गॅस १०७५. ‘११२’ला फोन करणाऱ्याने लांबूनच दिसला तर तो सांगावा आणि नियंत्रण कक्षाने तो तत्काळ रुग्णालयाला कळवावा. मग डॉक्टर तयारीत राहतात. इंधन पोटात गेलेल्याला उलटी करवायची नसते, कारण ते फुप्फुसात उतरले तर न्यूमोनियासारखी गंभीर सूज येते. भिजलेले कपडे बाहेरच काढून अंग साबणाने धुवावे लागते. नाहीतर वाफांनी अपघात विभागच धोक्यात येतो.

आणि कॅन घेऊन धावणारी गर्दी! २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानातील अहमदपूर शर्किया येथे उलटलेल्या टँकरमधले पेट्रोल भरून घेताना भडका उडाला. दोनशेहून अधिक माणसे गेली. इतक्या भाजलेल्यांना वाचवणे मोठ्या शहरातल्या रुग्णालयालाही जड जाईल. त्यामुळे पोलिसांनी वेळेत गर्दी मागे हटवणे, हाच इथला सर्वांत मोठा उपचार.

महामार्गावरचे सराव बहुधा रुग्णवाहिका निघाली की संपतात. पुढचा सराव इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या दारापर्यंत न्यावा. तिथे अपघात विभागाबाहेर पाण्याचा नळ, साबण आणि कोरडे कपडे आहेत का, एवढे तरी त्या दिवशी तपासावे. यासाठी कोणत्या निधीची वाट पाहायची?