मुरुमांचे खड्डे आणि फतव्यांची घाई

गालावरचे मुरुमांचे खड्डे लेझरने कमी करायचे म्हटले, की कुणीतरी बजावतेच, 'अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ हराम आहे.' हीच मंडळी सून बघायला निघाली, की त्यांना नितळ चेहऱ्याचीच मुलगी हवी असते.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात अरफजा यांची हकीकत आहे. लढाईत त्यांचे नाक गेले. चांदीचे बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. पुरुषांना सोने मना असताना! झालेली हानी भरून काढणे म्हणजे निर्मिती बदलणे नव्हे. मुरूम हा आजार आहे आणि खड्डे ही त्याने केलेली हानी.

'डाग कायमचे गायब' म्हणणारे जाहिरातदारही तितकेच खोटे. फ्रॅक्शनल लेझर त्वचेला सूक्ष्म जखमा करते. त्या भरताना नवे कोलॅजन तयार होते. खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत. आपल्या सावळ्या त्वचेवर उलट काळे डाग पडण्याचा धोका असतो. म्हणून जायचे ते त्वचारोगतज्ज्ञाकडे, पार्लरमध्ये नाही.

मुलीला स्वतःला उपचार हवा असेल, तर तो तिचा हक्क आहे. स्थळासाठी तिच्यावर तो लादणे, हा जुलूम आहे.