व्हिजिट व्हिसाचा सल्ला घातक



दहावी नापास मुलांनी आखातात व्हिजिट व्हिसावर जावे, परवान्याचा अर्ज तिथे पोचल्यावर करावा, असा सल्ला आपल्या अंकातील लेखात आहे. सौदी, कुवेत, कतारमध्ये कामाचा परवाना मालक काढतो. व्हिजिट व्हिसावर काम करताना सापडला, तर दंड आणि हकालपट्टी कामगाराच्याच नशिबी.

पासपोर्टवरच्या ईसीआर (उत्प्रवास तपासणी आवश्यक) शिक्क्याला लेखक ‘अडसर’ म्हणतात. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार अशा कामगाराचा नोकरीचा करार जाण्याआधी तपासला जातो. शिवाय प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचे संरक्षण. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. मागच्या दाराने गेलेल्याला यातले काय मिळते, तेही लेखकाने सांगावे.

एजंटाने दीड-दोन लाख मागणे ‘रीतच’ आहे, हे वाक्य तर छापायलाच नको होते. नोंदणीकृत एजंटाला कमाल ३०,००० रुपये व वर जीएसटी, एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. आमच्या जतच्या पूर्व भागातली पोरे पाण्याअभावी ऊसतोडीला जातात, आता आखातात. त्यांच्या गरजेवर कोणी दुकान मांडू नये. पैसे देण्याआधी ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटाची नोंदणी तपासा.

– एक वाचक, जत (जि. सांगली)