तोटा आधी ठरवा, मग ऑर्डर टाका

शिरपूर आता कॉलेजांचं गाव झालं आहे. इंजिनीअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंट शिकायला बाहेरगावची मुलं इथे खोल्या करून राहतात आणि सव्वानऊ वाजले की त्यांतल्या कितीतरी हातांत शेअरबाजार उघडलेला असतो. म्हणून बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध केलेला इंट्राडेचा, म्हणजे घेतलेले शेअर त्याच दिवशी विकण्याच्या सौद्यांचा, अभ्यास मला आपल्याच गावाबद्दलचा वाटतो. 2018-19 मध्ये इंट्राडे करणाऱ्यांत तिशीच्या आतले 18 टक्के होते. 2022-23 मध्ये ते 48 टक्के झाले. त्या वर्षी इंट्राडे करणाऱ्या दर दहांपैकी सात जणांना तोटा झाला. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण 76 टक्के होतं, आणि वर्षात 500 पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत 80 टक्के. सरावाने हात बसेल, सध्या शिकतोय म्हणून जातंय, असं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाने हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

जास्त सौदे करणारा जास्त का बुडतो, हे पाटीवर हिशेब मांडला की दिसतं. समजा तुमचे स्वतःचे 20 हजार रुपये आहेत. ब्रोकर इंट्राडेसाठी पाचपटीपर्यंत मुभा देतो, म्हणजे तुम्ही एक लाखाचे शेअर सकाळी घेऊन दुपारी विकू शकता. स्वस्त ब्रोकरकडे घेताना 20 आणि विकताना 20 असे 40 रुपये दलाली. विक्रीवर एसटीटी हा सौद्यावरचा कर 25 रुपये. स्टॅम्प ड्यूटी 3, एक्स्चेंजचे साधारण 6 आणि दलाली व एक्स्चेंजच्या शुल्कावरचा जीएसटी 8 रुपये. एका फेऱ्याला 80 रुपयांच्या वर गेले. दिवसाला पाच फेरे केले तर 400 आणि महिन्याच्या वीस दिवसांत 8 हजार. तुमच्या मुद्दलाचे 40 टक्के भाव वर-खाली होण्याआधीच गेले. फेऱ्यामागे 80 रुपये किरकोळ वाटतात, कारण ॲपच्या पडद्यावर आकडा लाखाचा दिसतो. हिशेब मात्र 20 हजारांशीच लावायला हवा.

ही पाचपटीची मर्यादासुद्धा सप्टेंबर 2021 पासूनची. त्याआधी काही ब्रोकर याच्या कितीतरी पट देत. सेबीने लगाम लावला ते योग्यच झालं. पण पाचपटसुद्धा काय करते ते 4 जून 2024 ला दिसलं. लोकसभेचा निकाल लागत होता आणि निफ्टी जवळपास 6 टक्के घसरून बंद झाला. पाचपट घेऊन तेजीत बसलेल्याचं त्या एका दिवसात 30 टक्के मुद्दल गेलं.

म्हणून माझा नियम एकच आहे. किती मिळेल याचा विचार नंतर, किती जाऊ द्यायचं हे आधी. मुद्दलाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त एका सौद्यात घालवायचं नाही. मुद्दल 50 हजार असेल तर 500 रुपये. 400 रुपयांचा शेअर घेतला आणि 395 ला बाहेर पडायचं ठरवलं, तर शेअरमागे धोका 5 रुपयांचा. म्हणजे 100 शेअरच घ्यायचे, 101 वाही नाही. शेअर घेतल्या क्षणी स्टॉपलॉसची, म्हणजे ठरलेल्या भावाला आपोआप विकण्याची, ऑर्डर सिस्टिममध्ये टाकायची. मनातला स्टॉपलॉस हा स्टॉपलॉस नव्हे; भाव 395 ला आला की मन 390 म्हणतं. दिवसात असे तीन सौदे अंगावर आले की ॲप बंद. आणि सव्वातीनच्या आसपास ब्रोकर उघडे सौदे आपोआप कापतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो, तेव्हा त्याच्या आधीच बाहेर पडा.

स्टॉपलॉससुद्धा जिथे कामाला येत नाही अशी एक जागा आहे आणि तिचा धडा आपल्या गावाच्या नावानेच मिळतो. शिरपूर गोल्ड रिफायनरी ही शेअरबाजारात आलेली कंपनी. नाव ओळखीचं, भाव कमी, त्यामुळे गावात तिच्याबद्दल आपुलकी असणं साहजिक होतं. एप्रिल 2023 मध्ये कंपनीतला पैसा बाहेर वळवल्याच्या आरोपावरून सेबीने अंतरिम आदेश काढला. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतही गेली. अशा कमी उलाढालीच्या शेअरना दिवसाला 2, 5, 10 किंवा 20 टक्क्यांचं सर्किट, म्हणजे भावाच्या चढ-उताराची मर्यादा, असतं. खालचं सर्किट लागलं की विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारा कोणी नसतो. तुमची स्टॉपलॉसची ऑर्डर त्या रांगेत पडून राहते. आधी विकून नंतर घेणाऱ्याचं याहून वाईट होतं. वरचं सर्किट लागलं तर द्यायला शेअरच मिळत नाहीत, मग एक्स्चेंज लिलावात घेऊन देतं आणि फरक तुमच्याकडून वसूल होतो. इंट्राडे करायचंच असेल तर निफ्टीतल्या मोठ्या, भरपूर उलाढालीच्या शेअरपलीकडे जाऊ नका. गावचं प्रेम सौद्यात आणू नका.

टिपांच्या टेलिग्राम ग्रुपबद्दल थोडक्यात सांगतो. पैसे घेऊन शेअर सुचवणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते आणि तो क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. क्रमांक नसेल तर ग्रुप सोडा. शिकवणाऱ्यांसाठीही सेबीने जानेवारी 2025 मध्ये नियम केला: तीन महिन्यांच्या आतले भाव दाखवून शिकवायचं नाही. चालू बाजारात ‘आता घ्या’ म्हणणारा क्लास हा क्लास नाही.

कराकडे तर कुणी बघतच नाही. इंट्राडेचा नफा आयकरात सट्ट्याच्या व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो. तोटा झाला तर तो पगारातून किंवा इतर धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त पुढच्या चार वर्षांतल्या तशाच नफ्यातून होतो, तोही विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच.

कापूस पिकवणाऱ्या आपल्या खान्देशाला सट्टा नवा नाही. मुंबईचा आकडा, म्हणजे मटका, सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर लागत असे. कापूस पिकवणाऱ्याने त्यातून काही कमावलं नाही. आजही बियाण्याचे, खताचे, मुलीच्या फीचे पैसे कुणी पाचपटीवर लावत असेल तर मला त्याची काळजी वाटते आणि ती मी इथे उघडपणे बोलून दाखवतो. पीककर्जाचा, हातउसन्याचा, वडिलांनी फीसाठी पाठवलेला एकही रुपया इंट्राडेत जाता कामा नये. कमाई सुरू न झालेल्या मुलाने इंट्राडे करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चांगल्या कंपनीचे दोन शेअर डिलिव्हरीत, म्हणजे जवळ ठेवण्यासाठी, घ्या, तिचा वार्षिक अहवाल वाचा. बाजार त्यानेही शिकता येतो.

जे करतच आहेत त्यांनी या रविवारी एवढं करा. ॲपच्या रिपोर्टमध्ये जाऊन या आर्थिक वर्षाचं टॅक्स पी अँड एल उतरवून घ्या. त्यात एकूण नफा-तोटा आणि एकूण खर्च हे दोन आकडे शोधा, एकातून दुसरा वजा करा आणि आलेलं उत्तर घरात एका माणसाला दाखवा. कुणी फसवलं असेल तर लाजेने गप्प बसू नका. तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते आणि माहितीसाठी निःशुल्क क्रमांक आहे 1800 22 7575.