फोर्कचा सातबारा

कोडची रेपॉझिटरी ब्लॉकचेनवर ठेवावी आणि तिचा फोर्क, म्हणजे वेगळ्या वाटेने पुढे नेण्यासाठीची प्रत, कोणी काढायचा हे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टने ठरवावे, असा एक आग्रह आहे. मालकाच्या सहीशिवाय फोर्क होणार नाही, दिलेली प्रत्येक परवानगी कायमची नोंदली जाईल आणि दुसऱ्याच्या कष्टाचा कोड आयता उचलणाऱ्यांना चाप बसेल, हा त्याचा पूर्वपक्ष. ऐकायला तो चोख वाटतो. पण त्यात नोंद आणि अटकाव यांची गल्लत आहे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून शेताला कुंपण पडत नाही. शेत कोणाच्या नावावर आहे एवढे कळते. ब्लॉकचेन ही जात्याच नोंदवही आहे. फोर्क अडवणे तिच्या आवाक्यातले नाही. मूळ प्रकल्पाचे नाव आणि फोर्कची वंशावळ सांभाळणे हे तिचे खरे काम आहे.

आधी अटकावाचे पाहू. २००५ साली लिनक्स कर्नलच्या विकासकांची कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे बिटकीपर फुकट वापरण्याची मुभा गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले. गिटमध्ये साधा क्लोन केला तरी फायलींबरोबर प्रकल्पाचा इतिहासही आपल्या संगणकावर उतरतो. म्हणजे ज्याला वाचता येते त्याला फोर्क करताच येतो. कॉन्ट्रॅक्टने नकार दिला तर फार तर त्या साखळीवर फोर्कची नोंद होणार नाही; उतरवलेली प्रत दुसरीकडे चढवायला कोणाचीच परवानगी लागत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून गिटहबने व्हिडिओ उतरवणाऱ्या यूट्यूब-डीएल या साधनाची रेपॉझिटरी बंद केली, तर तिच्या प्रती इतरत्र फिरू लागल्या आणि पुढच्याच महिन्यात मूळ रेपॉझिटरीही परत आली. एका कंपनीच्या ताब्यातल्या ठिकाणी ही गत, मग जिथे पडताळणीसाठीच अनेक नोड डेटा बाळगतात तिथे कुलूप कुठे लावणार? यावर पहिला आक्षेप येईल, कोड कूटबद्ध करून ठेवू. ठेवता येईल, पण मग ती वाचण्याची परवानगी झाली, फोर्कची नव्हे. शिवाय एकदा हाती दिलेली किल्ली परत घेता येत नाही आणि साखळीवर गेलेला मजकूर पुसता येत नाही. गुप्त कोडसाठी सार्वजनिक साखळीइतकी गैरसोयीची जागा नाही.

दुसरा आक्षेप मालकीचा, आणि तो हलका नाही. २०२० मध्ये क्रिप्टो टोकनांची अदलाबदल करणाऱ्या युनिस्वॅपच्या खुल्या कोडवरून सुशीस्वॅप उभे राहिले आणि मूळ प्रकल्पातली रोखताच ओढू लागले. म्हणून २०२१ मध्ये युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीला बिझनेस सोर्स लायसन्स लावले गेले. त्याची मुदत १ एप्रिल २०२३ पर्यंत होती. ही मुदत अलीकडे आणणारी तारीख आणि जादा सवलती इथेरियमच्या नामव्यवस्थेतल्या ठरावीक नावांखाली नोंदवण्याची सोय होती. परवानगी साखळीवर ठेवण्याचे याहून ठळक उदाहरण शोधायला नको. पण त्या लायसन्सने अडवले काय? नक्कल करायला, बदल करायला त्यानेच मुभा दिली होती. मनाई होती ती मुदतीपूर्वी प्रत्यक्ष व्यवहारात वापरण्याची. आणि ही मनाई पाळली गेली ती कायद्याच्या धाकाने. साखळीवरच्या नोंदीत कोणाचा हात धरण्याची ताकद नव्हती. मालकाचे हित जपायचे तर लायसन्स नीट लिहावे आणि त्याची नोंद साखळीवर जरूर ठेवावी. त्या नोंदीला कुलूप मात्र समजू नये.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा: फोर्कमध्ये कोणी घातक कोड घुसडला तर? भीती खरी आहे, पण दिशा चुकते. २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या सर्रास वापरातल्या साधनात चोरवाट सापडली. ती कुठल्या फोर्कमधून आलेली नव्हती. मोठ्या चिकाटीने विश्वास कमावून मेंटेनर झालेल्या व्यक्तीने ती मूळ प्रकल्पाच्या अधिकृत आवृत्तीतच घातली होती. राखण हवी ती 'अधिकृत' या शिक्क्याची. फोर्कवर बंदी असती तर उलट दूषित मूळ सोडून स्वच्छ फांदीवर जाण्याचा मार्गच बंद झाला असता.

तो मार्ग किती मोलाचा हे २०१० मध्ये दिसले. ओपनऑफिस ओरॅकलच्या हाती गेल्यावर त्यावर राबणाऱ्यांनी त्याच कोडवर लिब्रेऑफिस उभे केले. कोड त्यांना सोबत नेता आला, नाव नेता आले नाही. मालकाच्या हाती राहते ते नाव, आणि साखळीने जपावे तेही नावच. अमुक नावाची खरी शाखा कोणती, ती पुढे नेण्यास किती मेंटेनरांच्या सह्या लागतात, लायसन्स कोणते आणि कधीपर्यंत, फोर्क कोणत्या कमिटपासून फुटला, एवढे तिच्यावर असावे. ही कल्पना हवेतली नाही. रॅडिकल या पीअर-टू-पीअर जाळ्यावर प्रत्येकाची प्रत वेगळी नांदते आणि प्रकल्पाच्या प्रतिनिधींपैकी ठरलेल्या संख्येचे एकमत झाले की अधिकृत शाखा पुढे सरकते. कोणालाही अडवावे लागत नाही, आणि खरे कोणते हा संभ्रमही राहत नाही.

शेवटची शंका अशी की नुसती नोंद पाहतो कोण? माणूस दरवेळी पाहणार नाही हे खरे. पण पॅकेज उतरवणारे साधन सह्या तपासू शकते आणि जुळल्या नाहीत तर थांबू शकते. अटकाव घालायचा तो इथे, वापरणाऱ्याच्या दारात आणि त्याच्याच मर्जीने. फोर्क काढणाऱ्याने हवा तर वेगळा सातबारा काढावा; फक्त त्यावर आपलेच नाव लिहावे आणि जमीन कुठून फुटली तो फेरफार लपवू नये.