संसारांतील शास्त्र : भुकेली दृष्टि

गेल्या चैत्रांत एका आप्तांच्या घरीं आम्ही धर्माबादेस गेलों होतों. नांदेड जिल्ह्याच्या अगदीं कडेला, तेलंगणाच्या शिवेवर वसलेलें हें गांव लाल मिरचीच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध आहे. आम्ही पोहोंचलों त्या दिवशीं एकादशी होती. सकाळपासून पोटांत पाण्याखेरीज कांहीं नव्हतें. ऊन चढूं लागलें तेव्हां यजमान आम्हांस बाजारपेठ दाखवावयास घेऊन निघाले. मिरचीच्या राशींवरून येणाऱ्या वाऱ्यानें ठसके लागत होते, डोळ्यांना पाणी येत होतें. तरी त्याच डोळ्यांनीं वाटेंतील उपाहारगृहांच्या फलकांवरचीं डोशाचीं, जिलबीचीं नि भज्यांचीं चित्रें एकूणएक टिपलीं! दुसऱ्या दिवशीं पारणें आटोपून त्याच रस्त्यानें गेलों, तों तेथें एक घड्याळें दुरुस्त करणारा बसला होता, वह्यापुस्तकांचें एक दुकान होतें, आणि एका दारावर मराठी व तेलुगु अशा दोन्ही लिपींतली पाटी होती. यांपैकीं एकहि वस्तु आदल्या दिवशीं आमच्या दृष्टीस पडली नव्हती.

रस्ता तोच, डोळेहि तेच. मधल्या एका दिवसांत पालटलें होतें तें केवळ पोट.

उपवासाच्या दिवशीं खाण्याकडे लक्ष गेलें म्हणजे आपण मनाच्या दुबळेपणास दोष देतों. शास्त्राचें म्हणणें थोडें निराळें आहे. पोट रिकामें झालें कीं जठरांतून घ्रेलिन नांवाचें एक द्रव्य रक्तांत मिसळतें. जपानांतील कोजिमा आणि कांगावा या संशोधकांनीं १९९९ सालीं त्याचा शोध लावला. पुढें २००८ सालीं कॅनडांतील मॉन्ट्रिअल येथें कांहीं निरोगी माणसांना हें द्रव्य शिरेंतून देऊन, खाद्यपदार्थांचीं चित्रें दाखवीत असतां, त्यांच्या मेंदूचें चुंबकीय चित्रण करण्यांत आलें. भावना, रुचि आणि समोरच्या वस्तूचें मोल ठरविणें यांच्याशीं संबंध असलेले मेंदूचे भाग त्या चित्रांना अधिक जोरानें प्रतिसाद देत असल्याचें आढळलें. पोटाचा निरोप पोहोंचला कीं मेंदु आपला पहारा बदलतो, तो असा. त्यासाठीं तो आपली परवानगी विचारीत नाहीं.

या पहाऱ्याची किंमतहि द्यावी लागते. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत लोकांपुढून झरझर चित्रें सरकविलीं जात, आणि त्यांतून नेमून दिलेलें एक चित्र त्यांनीं ओळखावयाचें असे. त्याच्या अगोदर एखाद्या पदार्थाचें चित्र येऊन गेलें, तर भुकेल्या माणसांचें लक्ष तेथेंच अडकून पडे, आणि मागून येणारें हवें तें चित्र डोळ्यांपुढून जाऊनहि त्यांच्या हातून अधिक वेळां निसटे. पोट भरलेलें असतां ही चूक कमी होई.

हें झालें कांहीं तासांच्या भुकेचें. महिनेच्या महिने अर्धपोटीं राहिलें तर काय होतें, याची परीक्षा अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अॅन्सेल कीज यांनीं १९४४-४५ सालीं केली. छत्तीस धडधाकट तरुण स्वेच्छेनें पुढें आले आणि चोवीस आठवडे अपुऱ्या अन्नावर राहिले. त्यांच्या बोलण्यांत, वाचण्यांत, स्वप्नांत अन्नाखेरीज विषय उरेना. कित्येकजण पाककृतींचीं पुस्तकें चाळूं लागले. हे तरुण निश्चयी होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. सणाच्या दिवशीं पुरणपोळीचा वास घरभर दरवळतो, पूजा लांबते, नैवेद्यास दीड वाजतो, आणि दारांत उभें असलेलें पांच-सहा वर्षांचें मूल ताटाकडे टक लावून पाहतें. लगेच कोणी वडीलधारें म्हणतें, "काय हा हावरटपणा!" वाचकहो, तो हावरटपणा नव्हे. त्या मुलाचा मेंदु आपलें काम चोख बजावीत आहे; चुकली आहे ती आपली वेळ. नैवेद्य वेगळा काढून मुलांना आधीं जेवूं घातल्यानें देव रागावेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

मुलांच्या टक लावण्याची निदान कोणी दखल तरी घेतो. पहांटेपासून चुलीपुढें उभ्या असलेल्या आणि शेवटच्या पंगतींत बसणाऱ्या सुनेच्या भुकेची कोण घेतो? दोन घरचीं कामें उरकून, न जेवतां आपल्याकडे पोळ्या लाटावयास येणाऱ्या बाईंना तर आपण तासभर अन्न पाहत उभें करतों, आणि मीठ विसरलें म्हणून बोल लावतों. स्वेच्छेनें धरलेला उपवास हें व्रत आहे, व त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु दुसऱ्याच्या सोयीसाठीं घडलेला उपवास व्रत होत नाहीं.

धर्माबादेपासून जवळच, तेलंगणांतील बासर येथें, सरस्वतीपुढें मुलांचा अक्षरारंभ करावयास दूरदूरचे लोक येतात. त्या अक्षरांवर मुलाची दृष्टि ठरावी, तर आधीं पोटाची सोय हवी. शाळेंतील मुलांना आहार देण्याची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली, आणि २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश दिला. त्या खिचडीकडे केवळ दानधर्म म्हणून पाहूं नये. फळ्यावरचें अक्षर दिसावें म्हणून ती आहे.

घरांत करावयाचें थोडेंच आहे. किराण्याची यादी जेवणानंतर करावी. परीक्षेस निघालेल्या मुलाला उपाशीं पाठवूं नये. जेवणाची वाट पाहत मोबाइलवर पदार्थांचीं चित्रें चाळीत बसूं नये. आणि पोळ्या करणाऱ्या बाई आल्या म्हणजे, पीठ पुढें ठेवण्यापूर्वीं, "जेवलांत का?" एवढें विचारावें, उत्तर "नाहीं" असें आलें, तर आधीं ताट वाढावें.