सेवामुक्तीचा शेरा बदलणार कोण?

सैन्यातून घरी परतणाऱ्या जवानाच्या हाती एक लहानसे पुस्तक दिले जाते. खेड्यापाड्यांतही ते ‘डिस्चार्ज बुक’ या नावानेच ओळखले जाते. सेवेचा काळ, हुद्दा, चारित्र्य आणि सेवामुक्तीचे कारण यांची नोंद त्यात असते. कारणाची नोंद जेमतेम एका ओळीची. परंतु निवृत्तिवेतन, माजी सैनिकाचे ओळखपत्र, सरकारी नोकरीतील राखीव जागा, इतकेच काय, बँकेच्या दारावरील सुरक्षारक्षकाची नोकरीसुद्धा त्या ओळीवर अवलंबून असते. ती ओळ अन्यायाने लिहिली गेली असेल तर ती बदलून घेण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील माणसाने कोठे जायचे आणि वकिलाची फी कोणी भरायची, या प्रश्नाला अलीकडे एक सरकारी उत्तर मिळाले आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी, श्रीनगर येथे ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. प्राधिकरणाचे तत्कालीन कार्यकारी अध्यक्ष न्या. सूर्य कांत यांच्या हस्ते सुरू झालेल्या या योजनेत राज्य व जिल्हा सैनिक मंडळांच्या कार्यालयांत विधी सेवा केंद्रे उघडून तेथे वकील आणि विधी स्वयंसेवक बसविण्याची तरतूद आहे. योजनेचा हेतू निर्विवाद चांगला आहे. मात्र ज्याला तिची सर्वाधिक गरज आहे तो माणूस त्या केंद्राच्या दारापर्यंत पोहोचेल काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

अमेरिकेत सेवामुक्तीचे सन्माननीय, सर्वसाधारण, सन्माननीयहून कमी असे दर्जेच ठरलेले आहेत. दर्जा उंचावून मिळावा यासाठी सेनादलांची पुनर्विलोकन मंडळे असून सेवामुक्तीनंतर १५ वर्षांपर्यंत त्यांच्याकडे अर्ज करता येतो. युद्धामुळे झालेल्या मानसिक आघाताचा अशा अर्जांत सहानुभूतीने विचार व्हावा, असा आदेश २०१४ साली तेथील संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी दिला. येल विद्यापीठाच्या विधी विद्यालयात तर विद्यार्थीच प्राध्यापकांच्या देखरेखीखाली माजी सैनिकांचे खटले विनामूल्य चालवतात. आपल्याकडे असे स्वतंत्र मंडळ नाही. प्रथम खात्याकडे निवेदन आणि तेथे दाद न मिळाल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरण, असा मार्ग आहे. २००७च्या कायद्याने निर्माण झालेले हे न्यायाधिकरण २००९ साली सुरू झाले. महाराष्ट्रासाठी त्याचे न्यायपीठ मुंबईत आहे. एक न्यायिक सदस्य आणि एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी अशी त्याची रचना असून, सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्याने निरनिराळ्या न्यायपीठांचे काम वेळोवेळी खोळंबले आहे.

शेरा बदलतो म्हणजे नेमके काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणावरून समजते. लष्करात गंभीर शिक्षेची नोंद लाल शाईने होते. अशा चार नोंदी झाल्या की जवानाला ‘अवांछनीय’ ठरवून १९५४च्या लष्करी नियमांतील तेराव्या नियमाखाली घरी पाठविण्याची वहिवाट होती. या नोंदी अनेकदा रजेवरून उशिरा परतल्याच्या असतात. गणपती वा शिमग्याची रजा चार दिवसांनी का लांबते, हे कोकणच्या वाचकाला समजावून सांगायला नको. पण घरचे आजारपण आणि मृत्यू यांनाही रजेचे वेळापत्रक ठाऊक नसते. न्यायालयाने म्हटले ते असे की, चार नोंदी झाल्या एवढ्यावरून माणसाला काढता येणार नाही. लष्करी मुख्यालयाच्या १९८८च्या पत्रातच प्राथमिक चौकशीची अट आहे. शिवाय अपराधाचे स्वरूप, सेवेचा काळ आणि खडतर ठिकाणची नेमणूक यांचाही विचार झाला पाहिजे. दुबे यांची सेवामुक्ती रद्द झाली. त्यांना पुन्हा गणवेश मिळाला नाही आणि मागील पगारही मिळाला नाही, परंतु निवृत्तिवेतनास आवश्यक तेवढी सेवा त्यांनी पूर्ण केली असे मानण्यात आले. जवानाला निवृत्तिवेतनासाठी १५ वर्षांची सेवा लागते. बाराव्या-तेराव्या वर्षी ‘अवांछनीय’ ठरलेल्या माणसासाठी या निकालाचा अर्थ केवढा आहे, हे वेगळे सांगायला नको. २०१६ साली विजय शंकर मिश्रा प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा सांगितले.

दुसरा मोठा वर्ग आजारपणामुळे घरी पाठविलेल्यांचा. येथे वादाचा मुद्दा एकच असतो: आजार सेवेमुळे जडला वा वाढला, की तो ‘प्रकृतिगत’ होता? १९८५ साली भरती झालेल्या धरमवीर सिंग यांना फेफऱ्याच्या विकारामुळे १९९४ मध्ये घरी पाठविले गेले आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हणून अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले गेले. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो सेवेतच उद्भवला असे गृहीत धरावे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची राहील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. मनोविकाराच्या कारणाने सेवामुक्त केलेल्या एका जवानाच्या बाबतीत मे २०२५ मध्येही न्यायालयाने हेच बजावले की, वैद्यकीय मंडळाने कारणे न देता नुसता निष्कर्ष लिहिला तर त्याच्या आधारावर निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही. २०२३ मध्ये अपंगत्व भरपाईचे नियम बदलले आणि निकष अधिक कडक झाले. जुने निकाल कोणाला लागू पडतात आणि कोणाला नाही, हे तारखा पाहून सांगणारा जाणकार त्यामुळे आज पूर्वीपेक्षा अधिक हवा आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी असा जाणकार सापडत नाही, ही खरी अडचण. त्यात स्थानिक वकिलांना दोष देण्याचे कारण नाही. सैनिकी सेवेचे वाद दिवाणी न्यायालयाच्या कक्षेतूनच वगळलेले आहेत, त्यामुळे रत्नागिरीच्या न्यायालयात असे प्रकरण उभेच राहत नाही आणि वकिलाच्या हाताखालून ते जात नाही. दाद मागायची ती सव्वातीनशे किलोमीटरहून दूर मुंबईत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाले व रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याला जोडले गेले. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलेले असल्याने ही दुसरी पायरी आता जवळ आली आहे. पहिली पायरी मात्र होती तेथेच आहे.

विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क कायद्यात २०२५ पूर्वीही होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दात न्यायाधिकरणांचाही समावेश आहे. स्त्रिया, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. म्हणजे सैनिकाची विधवा किंवा अपंग होऊन परतलेला जवान पहिल्यापासून पात्रच होता. तरी हा हक्क कागदावर राहिला, कारण अशी प्रकरणे न्यायालयाच्या पायरीवर येण्याच्या कितीतरी आधी बिघडतात. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे जावे लागते. विलंब माफ होऊ शकतो, आणि निवृत्तिवेतनाचा अन्याय दर महिन्याला नव्याने घडतो हे तत्त्वही न्यायालयाने मानले आहे. परंतु २००८च्या तरसेम सिंग निकालानुसार अशा प्रकरणात थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. वीस वर्षे गप्प बसलेल्या माणसाची सतरा वर्षे त्यात जातात.

कागदांचे तर विचारूच नका. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचे कागद बेळगावला, महार रेजिमेंटच्या जवानाचे मध्य प्रदेशातील सागरला, नौसैनिकाचे मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पात. वैद्यकीय मंडळाचा अहवाल, शिक्षांच्या नोंदी, कारणे दाखवा नोटीस आणि तिला दिलेले उत्तर यांच्या प्रती मागवल्याखेरीज प्रकरण उभे राहत नाही. निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकाची सेवा-कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात, असा लष्कराचा नियम आहे. ज्याला निवृत्तिवेतन मिळते त्याचे कागद जपले जातात. ज्याला ते नाकारले गेले त्याच्या हातातील पुरावाच काळाबरोबर संपतो. तेव्हा केंद्रातील वकिलाने पहिल्या दिवशी करायचे काम म्हणजे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहून देणे, हे आहे.

या जिल्ह्याला सैनिकांच्या गाऱ्हाण्यांचा इतिहास नवा नाही. दापोलीचा ‘कॅम्प’ हा निवृत्त सैनिकांच्या वस्तीचा गाव. लष्करातून निवृत्त होऊन तेथे स्थायिक झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली महारांची बंद झालेली सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून विनंतिपत्र तयार केले होते. त्या अर्जामागे पूर्वीच्या सेवेचा दाखला होता आणि तो समाजाच्या हक्कासाठी पुढे केला होता. रत्नागिरीच्या किनाऱ्याने दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या नौदलालाही मोठ्या संख्येने खलाशी पुरवले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ तळावरून सुरू झालेल्या नाविकांच्या उठावानंतर शेकडो जणांना काढून टाकण्यात आले. सूडबुद्धीने वागणार नाही असे आश्वासन त्यांना मिळाले होते. स्वातंत्र्यानंतरही त्यांना सेवेत परत घेतले गेले नाही. पुढे केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनासाठी हा उठाव मान्य झाला, तेव्हा नोकरीवरून काढल्याचा तोच कागद पुराव्यासाठी शोधावा लागला. शेरा बदलायला सरकारला काही दशके लागली, आणि तोवर अनेकांचे आयुष्य संपले होते.

आता केंद्राच्या दाराविषयी. ‘माजी सैनिक’ कोणाला म्हणायचे याची सरकारी व्याख्या आहे. निवृत्तिवेतन मिळवून बाहेर पडलेले, सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाने घरी आलेले आणि ठरलेली मुदत पूर्ण केलेले तीत बसतात. गैरवर्तन वा अकार्यक्षमता या कारणाने काढलेले बसत नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे दैनंदिन काम या व्याख्येवर चालते. म्हणजे ज्याच्या शेऱ्यावर वाद आहे, तोच माणूस त्या कार्यालयाच्या लेखी परका. विधी सेवा केंद्र नेमके तेथे उघडायचे आणि ओळखपत्र पाहून आत घ्यायचे, असे झाले तर हा वर्ग पुन्हा बाहेर राहील. याला उपाय सोपा आहे. या केंद्रासाठी डिस्चार्ज बुक हाच प्रवेशाचा पुरावा मानावा, त्यातील कारण काहीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने तसे लेखी ठरवून ते ग्रामपंचायतींना कळवावे. मंडणगड, खेड, राजापूरच्या माणसाला त्यासाठी वेगळा दिवस ठेवून तालुक्यातच भेटता येईल. शहरातील भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना कागद वाचण्याचे आणि अर्ज लिहिण्याचे काम देता येईल; खटला चालवण्याचे काम मुंबईतील नियुक्त वकिलाचे.

सरकारी बाजूचेही एक दुखणे आहे. न्यायाधिकरणात जिंकलेल्या अपंग जवानाविरुद्ध संरक्षण खाते अपील करीत राहते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने असे अनावश्यक खटले कमी करण्याच्या शिफारशी केल्या होत्या. त्यानंतरही अपिले थांबलेली नाहीत. एका हाताने विनामूल्य वकील द्यायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच माणसाविरुद्ध सरकारी खर्चाने वकील उभा करायचा, असा हा प्रकार आहे.

प्रश्नाचा आवाका लवकरच वाढणार आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम होतील. उरलेल्यांना मूळ योजनेनुसार निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास ५०, ७५ वा १०० टक्के या प्रमाणानुसार १५, २५ वा ४४ लाख रुपये एकरकमी मिळतात. म्हणजे ‘सेवेमुळे की प्रकृतीमुळे’ हा जुनाच वाद त्यांच्याही वाट्याला येणार, फक्त तो पंचविशीतल्या तरुणांचा असेल. जिल्हा सैनिक कार्यालयातील विधी सेवा केंद्राने त्यांना आत घ्यायचे की नाही, हे त्यांच्या परतण्याआधी ठरवावे लागेल.