बॅटरी संपली, यंत्र नव्हे

सुताराच्या पेटीत पाच-सात वर्षे राबलेले कॉर्डलेस ड्रिल पडून असते. मोटार खणखणीत, गिअर शाबूत, चकची पकड पक्की. संपलेली असते ती फक्त बॅटरी. नवी घ्यायला जावे तर त्या मॉडेलची बॅटरी मिळत नाही, किंवा तिची किंमत नव्या ड्रिलच्या आसपास पोहोचलेली असते. मग धडधाकट यंत्र भंगारात जाते. ते घरच्या विजेवर चालवता येणार नाही का, हा प्रश्न अशा वेळी पडतोच. उत्तर होकारार्थी आहे; पण त्यातले गणित आणि धोका समजून घेतल्याशिवाय कोणी त्या वाटेला जाऊ नये.

१८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर जातो, म्हणूनच अशा बॅटरीवर काही कंपन्या २० किंवा २१ व्होल्ट छापतात. व्होल्टेज इतके कमी, त्यामुळे ताकद हवी तर करंट भरपूर लागतो. लाकडात जाड बिट घुसवताना ड्रिलने २० अँपिअर ओढले, तर ते ३६० वॅट झाले. बिट अडकले की आकडा आणखी चढतो. लॅपटॉपचा अडॅप्टर १९ व्होल्टचा असतो, म्हणून तो चालेल असे अनेकांना वाटते. पण त्याची ताकद साधारण ६५ ते ९० वॅट. त्यावर ड्रिल मोकळे फिरेल, काम सुरू होताच मान टाकेल.

वायरचेही तसेच. दीड चौरस मिलिमीटरची तीन मीटर वायर जोडली, तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबे होते. २० अँपिअरला त्यातच जवळपास दीड व्होल्ट खर्ची पडतो आणि वायर तापते. तेवढ्याच ताकदीला २३० व्होल्टवर दोन अँपिअरही लागत नाहीत. म्हणून पॉवर सप्लाय यंत्राजवळ ठेवावा आणि पुढची वायर आखूड व जाड असावी.

खरा धोका जिवाचा आहे. या यंत्राचे इन्सुलेशन १८ व्होल्टच्या हिशेबाने केलेले असते. डिमर किंवा ऑटोट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतात, पण मेन लाइनपासून वेगळे करत नाहीत. त्यांच्यावर असे यंत्र चालवणे म्हणजे हातात उघडी वायर धरणे. पुरेशा वॅटचा, आयसोलेशन असलेला पॉवर सप्लाय, पुढे फ्यूज आणि बोर्डात वीजगळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी, यांपैकी एकही गोष्ट गाळता येणार नाही. जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. लिथियमचा जुना पॅक घरी फोडू नये. सेलला स्क्रू ड्रायव्हर लागला तरी आग लागू शकते. नव्या ब्रशलेस यंत्रांत बॅटरी आणि यंत्र यांच्यात संदेशांची देवाणघेवाण असेल, तर नुसते दोन टोकांना व्होल्टेज देऊन यंत्र सुरूही होत नाही.

एवढे सगळे केल्यावरही ते ड्रिल टेबलाशी बांधलेलेच राहते. एकाच जागी काम करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. शिडीवर चढून काम करणाऱ्याला नाही. म्हणून हा भार ग्राहकाच्या कल्पकतेवर टाकून चालणार नाही. तो उत्पादकाने उचलायला हवा, आणि ते अशक्य नाही. अवजारे बनवणाऱ्या डिवॉल्टने २०१६ मध्ये आणलेली १२० व्होल्टची माइटर सॉ (कोनात कापणारी करवत) दोन बॅटऱ्यांवरही चालते आणि कंपनीच्याच अडॅप्टरने घरच्या विजेवरही.

आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ते योग्यच झाले, पण तो उपाय बॅटरी मेल्यानंतरचा आहे. युरोपीय संघाचा २०२३ चा कायदा एक पाऊल पुढे जातो: उपकरणाचे शेवटचे नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षे त्याची बॅटरी वाजवी किमतीत सुटी मिळाली पाहिजे, असे तो सांगतो. केंद्र सरकारने हीच अट भारतातल्या उत्पादकांना घालावी आणि एका जागी वापरायच्या यंत्रांना अधिकृत अडॅप्टर देणे बंधनकारक करावे. कारागिराच्या कमाईतून घेतलेले यंत्र, त्याची मोटार चालते तोवर कामात राहिलेच पाहिजे.